शब्दाचे मूळ कसे शोधावे: सोलापुरातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

शब्दांच्या व्युत्पत्तीची आवड असलेली माणसे पुष्कळ असतात. परंतु ती आवड अभ्यासात कशी बदलावी, हे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. परिणामी बहुतेकांचा प्रवास ऐकीव गोष्टींपाशीच थांबतो. एखाद्या शब्दासारखा दिसणारा दुसरा शब्द सापडला, त्यांच्यामध्ये एक सुरस कथा जोडली, की व्युत्पत्ती सिद्ध झाली असे मानले जाते. हा लेख त्यापुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. वही, तीन-चार कोश, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलण्याची तयारी आणि पुराव्यावाचून निष्कर्ष न काढण्याचा संयम एवढे पुरते. शिवाय सोलापुरात राहणाऱ्याला एक मोठी अनुकूलता आपोआप लाभलेली आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार भाषा इथे एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात बोलल्या जातात. पुस्तकात शोधावा लागणारा पुरावा इथे दारात उभा असतो.

पहिली पायरी: शब्द वाक्यासह टिपणे

नवोदिताने पहिले काही आठवडे मूळ शोधूच नये, केवळ नोंदी कराव्यात. शब्द सुटा न लिहिता ज्या वाक्यात ऐकला ते पूर्ण वाक्य लिहावे. बोलणाऱ्याचे अंदाजे वय, घरची भाषा, व्यवसाय आणि गाव यांची नोंद करावी. शब्दाचे लिंग आणि अनेकवचन नोंदवावे, कारण परभाषेतून आलेल्या शब्दाचे लिंग अनेकदा डळमळीत असते आणि तोच पहिला धागा ठरतो. उच्चार जसा कानावर पडला तसाच लिहावा, प्रमाण रूपात बदलू नये. सोलापूरकडचे 'करायलाय' हे रूप वहीत 'करत आहे' असे उतरवले, तर 'करायला लागला आहे' या शब्दसमूहाच्या आकुंचनातून ते घडले असावे हा मागच पुसला जातो.

विषय निवडताना एका व्यवसायापुरते मर्यादित राहिलेले बरे. सोलापुरात त्यासाठी मागाइतके समृद्ध क्षेत्र नाही. ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी हे शब्द यंत्रमागाच्या कारखान्यात आजही ऐकू येतात; परंतु हातमागावर बसलेली पिढी वृद्ध झाली आहे आणि तिच्या तोंडचे बरेचसे शब्द कोणत्याही कोशात नाहीत. त्यांची नोंद आधी व्हावी, असे मला मनापासून वाटते. कोशातील शब्दांना घाई नाही.

दुसरी पायरी: कोश कोणत्या क्रमाने उघडावेत

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. अव्वल इंग्रजी काळातील मराठी शब्दाचा अर्थ काय होता, हे पाहण्यासाठी सुरुवात तिथूनच करावी. त्यानंतर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' घ्यावा. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले आणि त्यात जुन्या ग्रंथांतील उदाहरणे दिलेली असल्यामुळे शब्दाचा वापर कालक्रमाने लावता येतो. तिसरा कोश कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश', जो १९४६ चा आहे. शब्द फारसी-अरबी वाटल्यास माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश', संस्कृत-प्राकृतातून आलेला वाटल्यास टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि द्राविडी वाटल्यास बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश पाहावा. यांपैकी बरेचसे कोश शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. छापील प्रतींसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातील जुन्या ग्रंथालयांत चौकशी करावी.

नवोदितांची अडचण इथे एका साध्या गोष्टीने होते. मराठी लेखनातील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. त्याआधीच्या कोशांत 'केळे' हा शब्द 'केळें' असा, म्हणजे शेवटी अनुस्वार देऊन छापलेला असतो. शब्द सापडला नाही, तर तो कोशात नाही असे समजण्यापूर्वी अनुस्वार देऊन आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा शोधावा. नोंदीच्या शेवटी कंसात येणारी [सं.], [फा.], [अर.], [का.] अशी संक्षिप्त अक्षरे अनुक्रमे संस्कृत, फारसी, अरबी आणि कानडी या भाषांची असतात. ती संपादकाचे मत समजून वाचावीत. दोन कोश दोन वेगळ्या भाषा सांगत असतील, तर अभ्यासाची खरी सुरुवात तिथे होते.

तिसरी पायरी: ध्वनिबदलाचे नियम

व्युत्पत्ती आणि अंदाज यांच्यातील सीमारेषा ध्वनिनियमांनी आखली जाते, म्हणून या पायरीवर नवोदिताने सर्वाधिक वेळ द्यावा. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना ध्वनी मनमानीपणे बदललेले नाहीत. एकाच परिस्थितीत एकच बदल पुनःपुन्हा झालेला दिसतो.

जोडाक्षर प्राकृतात द्वित्त झाले आणि मराठीत त्या द्वित्ताचे एकच व्यंजन उरून आधीचा स्वर दीर्घ झाला, हा पहिला नियम. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. दुसरा नियम असा की, दोन स्वरांमध्ये एकटा असलेला 'न' मराठीत 'ण' झाला, तर द्वित्त 'ण्ण' मधून 'न' आला. म्हणून पानीयचे पाणी झाले, पण पर्णाचे पान आणि कर्णाचा कान झाला. 'ल' आणि 'ळ' यांचेही तसेच आहे. एकट्या 'ल'चा 'ळ' होतो, जसे फल आणि फळ, काल आणि काळ. द्वित्त 'ल्ल'चा मात्र 'ल' राहतो, जसे तैल, तेल्ल, तेल किंवा चुल्ली आणि चूल. प्राकृत 'च्छ'चा मराठीत 'स' झाला. मत्स्य, मच्छ, मासा ही साखळी त्याचे उदाहरण आहे. आपल्या जिल्ह्यातील शिवारात डोलणारा ऊसही त्याच वाटेने आला: इक्षु, उच्छु, ऊस. एकदा हे नियम हाताशी आले, की ऊस आणि इक्षु यांत एकही अक्षर सारखे नसताना ते एकाच शब्दाचे दोन टप्पे आहेत हे पटते आणि सारखे दिसणारे दोन शब्द परके असू शकतात हेही पटते.

या दुसऱ्या शक्यतेचे उदाहरण 'माग' या शब्दात आहे. चोराचा माग काढणे यातील 'माग' मार्ग, मग्ग, माग या नियमाने आलेला आहे. कापड विणण्याचा माग मात्र कन्नडमध्ये 'मग्ग' आणि तेलुगूत 'मग्गमु' आहे. विणकामाच्या मागाला रस्त्याशी जोडणारी एखादी कथा रचणे अवघड नाही. परंतु शेजारच्या दोन भाषांत विणकामाच्याच अर्थाने हा शब्द असताना ते दोन 'माग' वेगळे मानून चालणे अधिक सयुक्तिक आहे. नियम तत्सम शब्दांना आणि अलीकडे उसन्या घेतलेल्या शब्दांना लागू होत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे.

चौथी पायरी: शेजारच्या भाषेला विचारणे आणि दिशा ठरवणे

एखादा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे आहे, एवढ्यावरून तो कोणी कोणाकडून घेतला हे कळत नाही. दिशा ठरवण्यासाठी एक कसोटी फार उपयोगी पडते: शब्दाची फोड कोणत्या भाषेत होते? 'अडकित्ता' घ्या. मराठीत सुपारीला सुपारी म्हणतात, त्यामुळे 'अडकित्ता' या शब्दाचे तुकडे मराठी माणसाला काहीच सांगत नाहीत. कन्नडमध्ये 'अडके' म्हणजे सुपारी आणि 'कत्तरि' म्हणजे कात्री. 'अडकत्तरि' या कन्नड रूपाचा अर्थ बोलणाऱ्याला शब्दातच दिसतो. म्हणजे शब्द कन्नडमधून मराठीत आला. गंमत अशी की, त्यातील 'कत्तरि' आणि आपली 'कात्री' ही दोन्ही संस्कृत 'कर्तरी'ची रूपे आहेत.

आता उलट दिशेचे उदाहरण. सोलापुरात 'शेंगा' म्हटले की भुईमुगाच्या शेंगाच समजल्या जातात आणि शेंगाचटणी कशाची, असा प्रश्न कोणी विचारत नाही. उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्येही भुईमुगाला 'शेंगा' म्हणतात, मात्र दक्षिण कर्नाटकात 'कडलेकायी' हा निराळा शब्द आहे. मराठीत 'शेंग' हे एकवचन आहे, 'शेंगा' हे नियमित अनेकवचन आहे आणि शेवग्याची, तुरीची, गवारीची अशी कोणत्याही झाडाची शेंग असू शकते. कन्नडमध्ये शब्द अनेकवचनाच्या रूपातच आणि एकाच पिकाच्या अर्थाने गेला आहे. यावरून तो मराठीतून कन्नडमध्ये गेला असे म्हणता येते. त्यात एक अर्थसंकोचही घडला आहे, कारण भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. तो इथे आला तेव्हा 'शेंग' हा शब्द आधीपासून होता. नव्या पिकाने जुना शब्द जवळजवळ व्यापून टाकला. मिरचीचेही असेच झाले. तीही अमेरिकेतून आली आणि तिचे नाव मात्र संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरी या जुन्या तिखट पदार्थावरून पडले.

अक्का, अण्णा, तूप (कन्नड 'तुप्प') अशा शब्दांची छाननी नवोदिताने स्वतः याच पद्धतीने करून पाहावी. कन्नडभाषक किंवा तेलुगूभाषक शेजाऱ्याला विचारताना 'हा शब्द तुमचा का?' असा प्रश्न करू नये, कारण त्याचे उत्तर अभिमानाने दिले जाते. त्याऐवजी वस्तू दाखवून 'याला घरी काय म्हणता?' आणि 'आजी काय म्हणायची?' असे विचारावे.

पाचवी पायरी: अर्थाचा पूल शोधणे

अर्थ एका उडीत बदलत नाही. जुना अर्थ आणि नवा अर्थ यांच्या मध्ये असा एखादा वापर असतो, जिथे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. तो सापडेपर्यंत अर्थबदल समजला असे म्हणू नये.

'राजीनामा' हा शब्द नवोदिताने अभ्यासाला घ्यावा इतका बोलका आहे. फारसीत राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे लेख. त्यामुळे राजीनामा म्हणजे संमतिपत्र. दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला विचारल्यास आजही तो राजीनामा म्हणजे तडजोडीचा लेख असे सांगेल, तर आपल्याकडे मंत्र्यापासून कारकुनापर्यंत पद सोडणारा माणूस राजीनामा देतो. संमती आणि पदत्याग यांच्यातील पूल मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात सापडतो. जमीन कसणारा जेव्हा ती जमीन सोडून देई, तेव्हा आपण ती राजीखुशीने सोडत असल्याचे लिहून देई. तो लेख म्हणजे राजीनामा, आणि नवा कसणारा जे लिहून देई ती कबुलायत. लेख संमतीचाच होता, परंतु त्याचा परिणाम हक्क सोडण्यात होई. हळूहळू परिणामच शब्दाचा अर्थ झाला आणि जमिनीच्या जागी नोकरी व पद आले.

'जकात' या शब्दाची कथाही अशीच शोधावी. अरबीत 'जकात' म्हणजे धर्माने सांगितलेले दान, आणि सोलापुरातील मुस्लिम कुटुंबांत तो अर्थ आजही पूर्ण जिवंत आहे. मराठी राज्यव्यवहारात तोच शब्द मालावरील कर या अर्थाने रुळला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईतील जकातही संपली. शब्द मात्र 'जकात नाका' अशा ठिकाणांच्या नावांत टिकून आहे. 'तालीम' म्हणजे अरबीत शिक्षण. मराठीत ते कुस्तीचे शिक्षण झाले, मग ते जिथे मिळते ती जागा झाली, आणि नाटकवाल्यांकडे सराव या अर्थाने तो शब्द राहिला. पाच जणांची पंचायत एखाद्या अवघड प्रकरणासाठी बसत असे. त्या प्रकरणाच्या अवघडपणालाच 'पंचाईत' म्हणू लागले.

संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्दही स्थिर नसतात. संस्कृत 'शिक्षा' म्हणजे विद्या, हिंदीत तोच अर्थ आहे, मराठीत मात्र दंड. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कथेच्या नायिकेचे नाव 'कादंबरी'. मराठीने आणि कन्नडने तेच नाव एका संपूर्ण साहित्यप्रकाराला दिले. विणकरांच्या शहराला विशेष जवळचा वाटावा असा शब्द म्हणजे 'तंत्र'. 'तन्' म्हणजे ताणणे या धातूपासून तो आला आणि संस्कृतात माग किंवा मागावरचे उभे धागे असाही त्याचा अर्थ आहे. धाग्यांच्या मांडणीवरून तो कोणत्याही पद्धतशीर रचनेकडे गेला आणि आज तंत्रज्ञानापर्यंत पोचला. 'सूत्र' म्हणजे दोरा, हेही याच ओळीतले. आपल्या चादरींची नक्षी ज्या जेकार्डवर उठते, त्याचे नाव मात्र माणसाचे आहे: फ्रान्समधील लियाँचे जोसेफ मारी जाकार, ज्यांनी १८०४ च्या सुमारास ते यंत्र सिद्ध केले.

अर्थबदलाला अपभ्रष्टता समजून खेद करणारे काही जण भेटतील. शब्दाचा सर्वांत जुना अर्थ तोच खरा अर्थ, हा समज अभ्यासकाने प्रथम सोडावा. कोणी जमिनीचा राजीनामा लिहून देत होता तेव्हा तो अर्थ खरा होता आणि आज पदाचा राजीनामा देणाऱ्याचाही अर्थ तितकाच खरा आहे.

सहावी पायरी: सर्वांत जुना लिखित पुरावा

शब्दाची वाटचाल लावताना तारीख असलेल्या लेखनाला सर्वांत जास्त वजन द्यावे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० ची, तिच्यात आणि महानुभावांच्या गद्यात शब्द कोणत्या अर्थाने येतो, हे तुळपुळे आणि फेल्डहाउस यांच्या जुन्या मराठीच्या कोशात पाहता येते. त्याहून मागे जायचे असल्यास शिलालेख, आणि त्यासाठी सोलापूरकराला दूर जावे लागत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल इथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातील 'वाछि तो विजेया होइवा' ही मराठी ओळ, म्हणजे 'जो वाचील तो विजयी होईल', मराठीच्या आद्य लिखित पुराव्यांत गणली जाते. 'वाचणे' हे क्रियापद संस्कृत 'वच्' म्हणजे बोलणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून आले आहे. अक्षरांना बोलते करणे म्हणजे वाचणे. मोठ्याने उच्चारण्याचा तो भाग आजच्या मूक वाचनात उरलेला नाही, म्हणजे इथेही अर्थ सरकला आहे.

जागांची नावे हा दुसरा जुना दस्तऐवज. सोलापुरात चाटी गल्ली आहे. 'चाटी' म्हणजे कापडाचा व्यापारी. बोलण्यातून हा शब्द केव्हाच गेला, परंतु गल्लीच्या नावात तो राहिला. पेठा, वेशी, गल्ल्या यांची नावे या दृष्टीने एकदा तरी पायी फिरून नोंदवावीत.

सातवी पायरी: लोकव्युत्पत्तीची तपासणी

शेवटची कसोटी आपल्या शहराच्या नावावरच लावून पाहू. सोळा गावे मिळून झाले म्हणून सोलापूर, असे लहानपणापासून सर्वांनी ऐकलेले असते. ही व्युत्पत्ती तीन बाजूंनी तपासावी.

ध्वनीच्या बाजूने पाहता मराठीत सोळा या शब्दात 'ळ' आहे, 'ल' नाही. मराठी माणसाने सोळा गावांवरून नाव ठेवले असते, तर ते 'सोळापूर' झाले असते. 'ल' असलेले 'सोला' हे रूप हिंदी-दखनीतले आहे. त्यामुळे या कथेला आधी नाव दखनी बोलणाऱ्यांनी ठेवले असे गृहीत धरावे लागते. लिखित पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळात, कल्याणीच्या कलचुरींच्या अमदानीतील शिलालेखांत गावाचे नाव सोन्नलगे असे येते आणि यादवकाळापर्यंत ते सोन्नलगी म्हणून ओळखले जात होते. मोहोळ तालुक्यातील कामती येथे मिळालेल्या शके १२३८ च्या संस्कृत लेखात सोनलीपूर, तर सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर असे रूप आहे. किल्ल्यातील विहिरीवरच्या लेखात संदलपूर असेही आढळते. सोनलपूरमधील 'न' गळून सोलापूर झाले, हे यातून सर्वाधिक संभाव्य दिसते. इंग्रजांनी पुढे त्याचे 'शोलापूर' केले. अर्थाच्या बाजूने म्हणावे, तर ती सोळा गावे कोणती हे सांगणारी जुनी यादी व्युत्पत्ती सांगणाऱ्याने पुढे ठेवायला हवी.

लोकव्युत्पत्ती चुकीची ठरली, तरी ती वहीतून खोडू नये. लोकांना आपल्या गावाचे नाव कसे समजले, याचा तो पुरावा आहे. फक्त त्याचे शीर्षक वेगळे ठेवावे.

नोंद कशी लिहावी

एका शब्दाला एक पान द्यावे. वर ऐकलेले वाक्य, त्याखाली कोशांतील अर्थ प्रसिद्धीच्या वर्षासह कालक्रमाने, मग शेजारच्या भाषांतील रूपे, मग ध्वनिनियम लागतो की नाही, आणि शेवटी आपले मत. मतापुढे 'निश्चित', 'संभाव्य' किंवा 'अनिश्चित' यांपैकी एक शब्द लिहावा. पहिल्या वर्षात बहुतेक पानांवर 'अनिश्चित' हाच शब्द येईल आणि तसेच यायला हवे. अशा पानांवर खाली निम्मी जागा कोरी ठेवावी, कारण पुढे एखाद्या विणकराच्या बोलण्यात किंवा जुन्या दस्तऐवजात नेमका तोच शब्द भेटतो आणि तेव्हा तो लिहायला जागा लागते.